शेऱ्यातला पहिला क्रमांक

"जगातल्या यच्चयावत हिंसेचं मूळ एकच आहे. माणसं फार बोलतात! ज्या दिवशी माणूस आपलं म्हणणं नुसत्या आकड्यांत मांडायला शिकेल, त्या दिवशी तलवारी वितळवून त्यांचे चमचे करता येतील."

हे उद्गार गाळणीकरने सकाळी भर कचेरीत काढले, तेव्हा तो चहात पडलेलं बिस्कीट पेनच्या टोपणाने वर काढायच्या खटपटीत होता. बिस्कीट विरघळलं, टोपण कपात राहिलं आणि मानवजात होती तिथेच राहिली.

गाळणीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. कचेरीने ठेवलेलं नाव. कंपनीचा धंदा घरं पाडण्याचा. म्हणजे मोडकळीला आलेली, नगरपालिकेने धोकादायक ठरवलेली घरं रीतसर भुईसपाट करून जागा मोकळी करून द्यायची. पाहणीला जाणारी माणसं घर बघून यायची आणि फोनवरच्या एका रिकाम्या चौकोनात 'शेरा' लिहायची. लिहायचं होतं एवढंच, की कोणतं घर पाडायचं; म्हणजे नगरपालिकेने त्या घराला दिलेला सहा आकडी संदर्भ क्रमांक. पण मोकळा चौकोन दिसला की माणसाचा हातही मोकळा सुटतो. एकाने लिहिलं होतं, 'कुत्रं चावतं, मालक त्याहून जास्त.' दुसऱ्याने लिहिलं, 'जिना वापरू नये. मी वापरला. रजा मिळावी.' एकजण क्रमांकाच्या आधी नेमाने हवापाणी कळवत असे. आणि एका शेऱ्यात, क्रमांकाच्या अलीकडे-पलीकडे, 'येताना बटाटे आण, मागच्यासारखे कोंब आलेले नकोत' असंही आलं होतं. ते त्या पाहणीवाल्याच्या बायकोचं असावं.

आधी दोन बायका बसून हे शेरे मोठ्याने वाचायच्या, हसून हसून लोळायच्या आणि त्यातून क्रमांक वेचून काढायच्या. मालकीणबाईंना त्यांच्या हसण्याचा त्रास व्हायला लागला. मग त्यांनी गाळणीकरला सांगितलं, "अशी काहीतरी युक्ती कर, की शेरा आत जाईल आणि क्रमांक बाहेर येईल. मधे माणूस नको."

गाळणीकरने गाळणी केली. म्हणजे प्रोग्राम लिहिला. ही गाळणी शेऱ्यावरून नजर फिरवायची, लागोपाठचे सहा आकडे दिसले की तो क्रमांक उचलायची आणि बाकीची सगळी बडबड टाकून द्यायची. फोन नंबर सहापेक्षा लांब, म्हणून ते सुटायचे. तारखांमध्ये रेघा, म्हणून त्याही सुटायच्या. उचललेला क्रमांक थेट मुकादमाच्या हातातल्या यंत्रावर जायचा. त्या हँडसेटवर क्रमांक आला आणि पुढे, शेरा पाठवणाऱ्याने दाबलेल्या बटणाप्रमाणे, 'पाडा' किंवा 'थांबवा' असं आलं, की मुकादमाने तेवढं करायचं. तोंडी काही ऐकायचं नाही. हा नियमही गाळणीकरनेच मागून घेतला होता. तोंडी कारभार म्हणजे पुन्हा बडबड, आणि बडबड म्हणजे हिंसा, हे त्याचं तत्त्व आपण वर ऐकलंच.

आता यात एक बारीकशी अडचण होती. काही शेऱ्यांत दोन-दोन क्रमांक निघायचे. चाचणी घेताना असे शेरे आले की गाळणीकर ते वेगळ्या ढिगात टाकायचा. त्या ढिगाला त्याने नाव दिलं होतं 'अपवाद, नंतर बघू'. संगणकाच्या धंद्यात 'नंतर' हा एक दूरचा प्रांत आहे. तिकडे गेलेलं काही परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तोवर गाळणीला त्याने सांगून ठेवलं होतं, की दोन दिसले तर पहिला घे. पहिला तो पहिला! शाळेपासून सगळे तेच करत आले आहेत.

पण पाडकामाच्या धंद्याची एक जुनी चाल होती. पाहणीवाले आधी वाचवायचं घर लिहायचे आणि मग पाडायचं. 'अमक्याला धक्का न लावता तमकं पाडणे.' कारण घर पाडताना कोणी चुकत नाही, चुकतं ते शेजारचं जपताना. म्हणून ज्याला जपायचं ते वाक्यात सगळ्यात पुढे. उस्तादाकडून शागिर्दाकडे ही चाल आलेली. ती सगळ्यांना इतकी ठाऊक होती, की ती कोणाला सांगायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

गाळणी सुरू झाल्याचा तो पहिलाच दिवस. टोपण अजून कपातच होतं, तेवढ्यात गाळणीकरच्या ताईचा फोन आला.

"छोट्या, तुमच्या कंपनीत पांढऱ्या मिशांचा, घोगऱ्या आवाजाचा माणूस आहे का रे?"

"आहे की. मुकादम. का गं?"

"काही नाही. आत्ताच त्याच्या डोक्यात कुंडी घातली. म्हटलं तुझ्या ओळखीतला असला तर तुला सांगून ठेवावं."

"ताई!"

"मोठी नव्हती रे. कोरफडीची होती."

"अगं पण का?"

"मग काय ओवाळू त्याला? दारात हे एवढं धूड आणून उभं केलंय आणि मला म्हणतो, बाई, घर रिकामं करा. मी म्हटलं, अहो मिशा, डोळे उघडा, पडकं घर बाजूचं आहे. तर म्हणतो, सगळे असंच म्हणतात. तुझे भाऊजी त्याला समजावायला गेले, तर त्यांना दोघांनी उचलून... अरे ए! ए मेल्या! शिलाई मशीनला हात लावलास तर हात कापून ठेवीन! माझी कात्री कुठंय? छोट्या, ठेव तू, मला काम आहे."

पुढे काहीतरी कोसळल्याचा धडाड आवाज झाला, ताईने तीन पिढ्यांचा उद्धार करणारी एक शिवी दिली आणि फोन बंद पडला.

गाळणीकरने सकाळचे शेरे उघडले. ताईच्या गल्लीचा शेरा असा होता: '३१७४०८ ला ओरखडाही येता कामा नये, आतल्या बाई भयंकर भांडखोर आहेत. त्याला लागून असलेले ३१७४१० संपूर्ण पाडणे.'

ताईचं इतकं अचूक वर्णन सरकारदरबारी दुसरीकडे कुठेही नसेल. आणि या सबंध वर्णनातून गाळणीने ३१७४०८ तेवढा उचलला होता, पुढे 'पाडा' लावलं होतं आणि शेजारी हिरवी खूण काढली होती. थोडक्यात, शेवटी दहा आकडा असलेलं पडकं घर ऐटीत उभं होतं आणि शेवटी आठ असलेल्या ताईच्या घरावर पाडकामाचं यंत्र चाललं होतं. आणि ताईला त्या घराखेरीज जगात दुसरं काही नव्हतं. शिवणकामाच्या पैशांनी तिने ते विटेविटेने बांधलं होतं. भाऊजींनी त्यात नळ बसवले होते, म्हणून ते म्हणत आमचं घर. ताई म्हणे, नळ तुमचे.

गाळणीकरने मुकादमाला फोन लावला. काम चालू असताना मुकादम फोन उचलत नसे. हाही नियमच. मग त्याने शेऱ्याच्या त्याच चौकोनात लिहिलं: 'फार मोठी चूक झाली आहे, पाडायचे होते ३१७४१०, पण पाडत आहेत ३१७४०८, ते ताबडतोब थांबवावे, कृपया, कृपया.' 'थांबवा'चं बटण दाबलं. हिरवी खूण आली. गाळणीकरचा जीव भांड्यात पडला.

"सुटलो," तो म्हणाला.

"सुटलास कसला!" मालकीणबाई मागून ओरडल्या. "स्वतः जा आधी! आणि डोक्यावर टोपडं घाल कंपनीचं. उद्या तुझं डोकं फुटलं तर विमावाले माझं खातील."

पिवळं हेल्मेट घालून, कोणाची तरी स्कूटर न विचारता घेऊन गाळणीकर गल्लीत पोचला, तेव्हा तिथे घनघोर युद्ध चालू होतं. ताईच्या अंगणाची भिंत उरलीच नव्हती. पुढचं छप्पर एका खांबावर लोंबकळत होतं. यंत्राचा लोखंडी हात वर जायचा, क्षणभर विचार केल्यासारखा थांबायचा आणि छपरावर असा आदळायचा, की बघणाऱ्याच्या दाढा हलाव्यात. जमिनीतला नळ फुटून पाण्याचं कारंजं उडत होतं. त्या चिखलात भाऊजी आणि एक मजूर एकमेकांच्या मानगुटी धरून लोळत होते. मजुराचं नाक फुटलं होतं. भाऊजींचा उजवा खांदा नको तिथे आला होता. तरी डाव्या हाताने ते मजुराच्या बरगड्यांवर पाइपाचा पाना हाणत होते आणि प्रत्येक ठोक्याला ओरडत होते, "जोड! माझा! होता! तो! गळत! नव्हता!" घराचं दुःख त्यांना असेल, पण ते बहुधा रांगेत मागे होतं.

गाळणीकर पुढे धावला. छपराच्या धुळीतून ताई बाहेर आली. तिने पिवळं हेल्मेट पाहिलं आणि हातातल्या स्टुलाचा असा तडाखा दिला की गाळणीकर गुडघ्यांवर आला.

"ताई, मी आहे! छोट्या!" हेल्मेट काढून तो कळवळला.

ताईने त्याला नीट निरखून पाहिलं. ओळखलं. आणि मग दुसरा तडाखा दिला. तो हेल्मेटाशिवायच्या डोक्यावर बसला.

"पहिला चुकून होता," ती म्हणाली. "तुझी कंपनी, तुझे आकडे, तूच सांगत होतास ना, आता माणसाची गरजच नाही म्हणून? बघ. काढून टाकलीस गरज. थांबव ते!"

कानावरून उतरणारं रक्त पुसत गाळणीकर मुकादमाकडे गेला. मुकादमाच्या केसांत कोरफडीचा एक तुकडा अजून अडकला होता. चेहरा मात्र शांत. या माणसाने आयुष्यात इतकी घरं पाडली होती, की कुंडी म्हणजे त्याला स्वागत वाटायचं.

"मुकादम, थांबवा! घर चुकलंय!"

"साहेब, आजवर एकही माणूस मला म्हणाला नाही, की घर बरोबर आहे, या, पाडा. सगळे म्हणतात चुकलंय."

"अहो, ही माझी सख्खी ताई आहे!"

"सगळ्यांचा एक भाऊ आमच्या कंपनीत असतोच. मागच्या गल्लीत तर तीन निघाले."

"तुमच्या डोळ्यांना दिसत नाही? ते बाजूचं बघा, त्याला धड छप्पर नाही! खिडकीतून झाड उगवलंय!"

"साहेब, मी अक्कल वापरणं सोडलंय," मुकादम प्रामाणिकपणे म्हणाला. "एकदा वापरली होती. एक घर असंच पडकं दिसलं, खिडकीत झाड, भिंतीला प्लास्टर नाही. पाडून टाकलं. मागून कळलं, मालकाने वेड्यासारखा खर्च करून ते मुद्दाम तसं करून घेतलं होतं. मासिकात फोटो आले होते म्हणे. तेव्हापासून नंबर येईल तसं."

"नंबरच पाठवलाय मी! थांबवायचा! आला नाही का?"

"आला की." मुकादमाने हँडसेट पुढे केला. पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत होतं: '३१७४१० थांबवा.' "त्याप्रमाणे आम्ही त्या दहावाल्या घराच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. दोरी बांधून ठेवलीय. तुमच्याच सूचनेने."

रडत, भाकत, 'कृपया' दोनदा घालून लिहिलेल्या त्या शेऱ्यातली सगळी बडबड गाळणीने प्रामाणिकपणे गाळली होती आणि पहिला क्रमांक उचलला होता. पडक्या घराला अभय मिळालं होतं. त्याच्याभोवती खरोखर लाल दोरी होती आणि दोरीवर 'हात लावू नये' अशी पाटी झुलत होती.

आपल्याच हाताने कोणी आपल्या थोबाडीत मारावी तसा गाळणीकर स्वतःवर चिडला. फोन काढला. या वेळी एकही जास्तीचा शब्द नाही, म्हणून त्याने फक्त '३१७४०८' एवढंच लिहिलं, 'थांबवा'चं बटण दाबलं आणि ओरडला, "आत्ता येईल! हँडसेट धरा नीट! बघत राहा!"

मुकादम खरंच बघत होता. म्हणून त्याला इस्त्री दिसली नाही.

ताईची इस्त्री जुन्या काळची, ओतीव लोखंडाची, कोटाची कॉलर बसवायला ठेवलेली. ती तिने दारातून दोन्ही हातांनी गरागरा फिरवून सोडली. इस्त्री आली ती आधी हँडसेटला लागली आणि मग, अंगात उरलेल्या जोराने, मुकादमाच्या जबड्याला. हँडसेटचे तुकडे झाले. मुकादमाच्या समोरच्या दातांतले काही चिखलात पडले. त्यातला एक सोन्याचा होता असं पुढे कितीतरी दिवस गल्लीत बोललं गेलं आणि बऱ्याच लोकांनी तो शोधलाही. मुकादम दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त वाहायला लागलं.

"काय केलंस हे!" गाळणीकर किंचाळला. "आत्ता निरोप येत होता!"

"तुझे निरोप मी पाहिलेत!" ताई ओरडली.

मुकादम पडलेला पाहून मजुरांचं माथं भडकलं. फावडी, टिकाव, पहारी, जे हाती आलं ते घेऊन ते धावले. इकडे शेजारी तमाशा बघायला जमले होतेच. त्यांच्यातून पहिली वीट कोणी फेकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पाडकामाच्या जागेचं एक बरं असतं, विटांना तोटा नसतो. दोन्ही बाजूंनी ताईचं अंगण एकमेकांच्या डोक्यात जाऊ लागलं. एका शेजाऱ्याची भुवई उघडली. एका मजुराच्या गुडघ्याची वाटी फुटल्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. ज्यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं वाकडं होतं अशा दोघा शेजाऱ्यांनी संधी साधून एकमेकांनाच धरलं आणि मजुरांना मधे येऊ दिलं नाही. एक म्हातारी गच्चीवरून नेम सांगत होती, "डावीकडे! अरे डावीकडचा जाड्या घे!" भाऊजी एव्हाना पान्यासकट आडवे झाले होते आणि त्यांचा मजूर त्यांच्यावर आडवा होता. दोघे दमून एकमेकांच्या खांद्यावर धापा टाकत होते. लांबून पाहणाऱ्याला ते गळाभेट घेताहेत असं वाटलं असतं.

या धुमश्चक्रीत ताई घरात शिरली. "बघते कोण पाडतं माझ्या अंगावर," असं म्हणत तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा खट् आवाज गाळणीकरने ऐकला. आणि त्याच वेळी यंत्र घुर्र करून पुढे सरकलं.

यंत्र चालवणारा ऑपरेटर वर काचेच्या खोलीत बसलेला होता. कानांवर जाड पट्टे, समोर काचेवर धूळ. खाली काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याला ठाऊक होती फक्त मुकादमाची खूण. हात खाली म्हणजे चालू, हात वर म्हणजे बंद. मुकादमाचे हात आता जबड्याला होते आणि जबडा, मुकादम बसल्यामुळे, बराच खाली होता. ऑपरेटरने त्याचा अर्थ लावला, की चालू दे, जोरात. लोखंडी हात वर उठला आणि त्याचा पंजा ताईच्या पुढच्या भिंतीकडे वळला.

"आत बाई आहे!" गाळणीकर ओरडला. त्या गदारोळात ते कोणाला ऐकू जाणार? मग ज्याने आयुष्यात झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडलं, तो गाळणीकर यंत्राच्या साखळीवर चढला, काचेच्या खोलीचा दरवाजा उघडला आणि ऑपरेटरच्या अंगावर वेड्यासारखा तुटून पडला.

मारामारी कशी करतात याची त्याला कल्पना नव्हती. त्यामुळे त्याने सगळंच केलं. आधी बुक्की मारली, ती दरवाजाच्या चौकटीला लागून स्वतःचंच बोट मोडलं. मग ऑपरेटरच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. ऑपरेटर हा कंपनीतला सगळ्यात शांत माणूस. त्याने आयुष्यात कोणाला अरे म्हटलं नव्हतं. पण मनगटात दात रुतल्यावर त्याने गाळणीकरचं डोकं धरलं आणि समोरच्या पट्टीवर आपटलं. एकदा, दोनदा. गाळणीकरच्या नाकातलं काहीतरी कायमचं मोडलं. त्याने गुडघा वर मारला. ऑपरेटर कळवळून पुढे वाकला आणि दोघांचा मिळून सगळा भार एका दांड्यावर पडला.

लोखंडी हात बाजूला झुलला, थरारला आणि आला तो सरळ खाली. त्या दिवसात त्या यंत्राने अंगण पाडलं होतं, छप्पर पाडलं होतं. घराच्या भिंतीला अजून त्याचा स्पर्शही झाला नव्हता. ताईची पुढची भिंत पडली ती गाळणीकरच्या हातून. जमीन हादरली. वीट, चुना, खिडकीची काच, खुंटीवरचे कपडे, सगळं एकदम रस्त्यावर आलं आणि त्यावर धुळीचा असा लोट उठला, की गल्लीच दिसेनाशी झाली.

गाळणीकरने चाचपडत किल्ली शोधली आणि उपटली. यंत्र मेलं. वीट हातात घेऊन उभे असलेले लोक तसेच उभे राहिले.

"अहो," ऑपरेटर कानांवरचे पट्टे काढून, मनगट दाबत, अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "थांबवायचं होतं तर मुकादमांनी हात वर करायचा ना."

"मुकादमाचा जबडा फुटलाय!"

"मग मला कसं कळणार? मी काय अंतर्ज्ञानी आहे? चावलात काय मला!"

गाळणीकर उत्तर द्यायला थांबला नाही. तो खाली कोसळला, उठला आणि धुळीत शिरला. "ताई! ताई गं!" ओरडताना नाकातून फुरफुर रक्त येत होतं. मोडक्या बोटाने तो विटा उपसायला लागला. एक वीट, दुसरी वीट. काच तळव्यात घुसली, तरी तो थांबेना. खाली लाल काहीतरी दिसलं. ओढून काढलं तर कोणाच्या तरी लग्नाच्या झग्याची बाही होती, टाके घातलेली. मागे कोणीतरी म्हणालं, "गेली बिचारी." गच्चीवरची म्हातारी म्हणाली, "ती? ती नाही जायची." भाऊजी निखळलेला खांदा धरून चिखलातून उठायला बघत होते आणि त्यांना उठवायला त्यांचाच मजूर हात देत होता.

धूळ हळूहळू खाली बसली.

पुढची भिंत पार सपाट झाली होती, पण मधोमध दाराची चौकट तेवढी जशीच्या तशी उभी होती. तिच्यात दारही होतं. आतली कडी उखडून गेल्यामुळे ते दार अर्धवट उघडं पडून करकरत होतं. चौकटीच्या डावीकडे मोकळी हवा, उजवीकडे मोकळी हवा आणि पलीकडे ताईची खोली सगळ्या गल्लीला दिसत होती. भिंतीवरचं घड्याळ, पलंग, दोरीवर वाळत घातलेले भाऊजींचे मोजे. पलंगावर ताई बसली होती. केस धुळीने पांढरेफेक. कपाळावरून एक लाल ओहोळ भुवईपर्यंत येऊन थांबलेला. मांडीवर कात्री. ती जिवंत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून जिवंत असल्याचा तिला फारसा आनंद झालेला दिसत नव्हता.

गाळणीकर विटांच्या ढिगावरून आत गेला. दारातून नव्हे, दाराच्या बाजूने, जिथे मघापर्यंत भिंत होती तिथून. तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याला वाटलं, आता तिसरा तडाखा बसेल. बसला असता तर बरं झालं असतं. त्याच्या मागे सगळी गल्ली, हातातल्या विटा खाली न ठेवता, वाकून वाकून आत बघत होती. मुकादमसुद्धा जबडा धरून चौकटीशी येऊन उभा होता.

"ताई..." गाळणीकर म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. "तुझं घर गं..."

ताईने एकदा रस्त्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. शेजारच्या पडक्या घराकडे, त्याच्या लाल दोरीकडे आणि पाटीकडे पाहिलं. मग पदराने कपाळावरचं रक्त टिपलं आणि भावाकडे वळली.

"आत आलास ना?" ती म्हणाली. "मग ते दार लोटून घे. धूळ येतेय."